दादरा: तुमच्या गावातला, आता नसलेला

मागच्या महिन्यात गावी गेलो. गाडीतून उतरून सवयीनं डाव्या हाताला वळलो, तर समोर दादऱ्याचा, म्हणजे रुळांवरच्या पादचारी पुलाचा, जिनाच नाही. सिमेंटचे दोन चौथरे, त्यातून वर आलेले कापलेले लोखंड, बस्स. धाकट्या भावाला फोन लावला तर म्हणतो, "दादा, ते काढून दोन वर्षं झाली. तू आता बघायलास का?"

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मनमाड-मुदखेड पट्ट्यातलं आहे एवढं पुरे. नाव घेतलं की "आमचा दादरा मोठा होता" म्हणून भांडणं लागतात, आणि परभणीकर "जगात जर्मनी, भारतात परभणी" सुरू करतात.

का काढला तेही कळतं. ही निझामाच्या काळातली लाइन, 1900 च्या सुमारास हैदराबादहून मनमाडपर्यंत आलेली, दोन रुळांत एक मीटर अंतर असलेली, म्हणजे मीटरगेज. दादरा त्या छोट्या गाड्यांच्या मापाचा. इंजिन खालून गेलं की फळ्यांच्या फटीतून धूर थेट चड्डीत शिरायचा. आता वरून 25 हजार व्होल्टची तार जाते, रुळापासून साधारण साडेपाच मीटरवर. दादरा आणि तार दोघं एका जागी राहूच शकत नव्हते. डोक्याला पटतं. पायाला नाही पटत.

कॉलनीकडून चढताना 43 पायऱ्या, गावाकडं उतरताना 41. लहानपणी दोन पायऱ्या कुठं जातात हा मला पडलेला पहिला मोठा प्रश्न.

तुम्ही खाली प्रतिक्रियांत लिहा. पुलाची लांबी-रुंदी नको, त्याच्यावर तुमचं काय झालं ते लिहा.

कोळशाची पोर

आमचे आजोबा फायरमन म्हणून लागले ते निझामाच्या रेल्वेत. 1951 ला ती मध्य रेल्वेत गेली, 1966 ला दक्षिण मध्य झाली. आजोबा म्हणायचे, "तीन रेल्वेत नोकरी केली, क्वार्टर एकच." वडीलही लोकोतच.

रात्री दोनला ड्यूटीला उठवणारा कॉलबॉय कडी वाजवायचा. वडील गेले की आई झोपायची नाही. सकाळी डबा घेऊन आम्ही दादऱ्यावर. गाडी स्टेशनाबाहेरच्या आउटर सिग्नलला असतानाच आई सांगायची, "आपलेच हायेत." प्रत्येक ड्रायव्हरची शिटी वाजवायची तऱ्हा वेगळी. वडिलांची लांब, मग तुटक, मग पुन्हा लांब. आईला इंजिनाचा नंबर वाचता येत नव्हता, शिटी वाचता यायची.

खाली राखेच्या खड्ड्यापाशी बाया चाळणी घेऊन बसायच्या. इंजिनातून पाडलेल्या राखेत अर्धे जळलेले कोळसे निघतात, ते वेचून घरी चुलीला. अंगावर गरम राख पडायची, हात भाजायचे. वरून आम्ही पोरं ओरडायचो, "मावशी, इंजिन आलं!" खोटंच. मावशी मान वर करून ज्या शिव्या द्यायच्या, त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. आज त्याची लाज वाटते.

पूर्णेकर

तुमचं गाव पूर्णा नाही हे पायऱ्यांवरून ओळखलं. आमच्याकडं मीटरगेजची तीन तोंडं होती. एक मनमाडकडं, दुसरं नांदेडकडं, तिसरं हिंगोली-अकोल्याकडं. जयपूरहून खंडवा-अकोल्यावरून मीनाक्षी एक्सप्रेस यायची. तिच्यातून उतरणारे रंगीत पागोट्यांचे लोक बघायला आम्ही दादऱ्यावर उभे. राजस्थान मी तेवढंच पाहिलंय, अजूनही.

नव्वदच्या दशकात मोठी लाइन (ब्रॉडगेज) आली तेव्हा पेढे वाटले. वाफेच्या इंजिनांचं काम संपलं, मग बदल्या सुरू झाल्या. 2008 ला अकोल्याची लाइनही मोठी झाली. पेढे वाटणाऱ्यांपैकी निम्मी घरं तोवर गाव सोडून गेली होती. दादरा राहिला असता तरी त्याच्यावर उभं राहून बघायचं कुणाला?

लातूरची

विषय सोडून लिहिते, माफ करा. आमच्याकडं दादऱ्याची गरजच नव्हती. बार्शी लाइट रेल्वे, 762 मिलिमीटरची. 1911 ला लातूरला आली, काल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं काढलेली. आजी म्हणायची, गाडी चालू असताना माणूस उतरून, लघवी करून, पुन्हा चढू शकतो. ती गावातून जायची, आम्ही तिच्यातून. आता स्टेशन दुसरीकडं गेलं.

नव्या स्टेशनात मी एकदाच गर्दी बघितली ती 2016 च्या एप्रिलात, मिरजेहून पाण्याची गाडी आली तेव्हा. दहा टँकर, पाच लाख लिटर. लोक टाळ्या वाजवत होते, शेजारच्या काकू रडत होत्या.

पलीकडची सून

सगळ्यांना आठवणी येतायत, मला राग येतो. माझं माहेर गावात, सासर रुळापलीकडं. दादरा होता तेव्हा दहा मिनिटं. आता भुयारी मार्ग दिलाय. पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी, मग फाटकाकडून सव्वा तासाचा वळसा. अर्ज तीनदा दिला. पोच मिळाली, तीनदा.

मागच्या श्रावणात घाईत उभ्या मालगाडीखालून वाकून निघाले. हातात दळणाचा डबा. गाडीचे डबे उभे दिसतात, पण पार दुसऱ्या टोकाला इंजिन जोडलं की धक्का एकेका कपलिंगमधून खडखड खडखड करत येतो. तो आवाज मी ऐकला. डबा टाकून बाहेर पडले, पाठीमागं चाक वीतभर सरकलं. पीठ तिथंच राहिलं. घरी सांगितलं की डबा सांडला.

कोणी "शॉर्टकट मारू नये" असं लिहिणार असेल तर आधी सासूबाईंचे गुडघे घेऊन तो वळसा चालून यावं.

दमलेल्याची बायको

थोडं हसा. आमच्यात तेव्हा मुलाला मुलगी एकटी बघायला मिळायची नाही. म्हणून माझ्या मामेभावानं ठरवलं, संध्याकाळी अजंता एक्सप्रेसच्या टायमाला मी बहिणीबरोबर दादऱ्यावरून गावाकडं यायचं, ते समोरून चढायचे, मध्ये "सहज" गाठ पडायची. मी मधोमध पोचले. हे वर येऊन कठड्याला धरून उभे, तोंडातून शब्द नाही. धाप लागलेली. मामेभाऊ म्हणे, "बोला की भाऊजी." हे म्हणाले, "पाणी हाये का?"

घरी येऊन मी स्पष्ट नाही म्हणाले. लग्न त्यांच्याशीच झालं, त्यात माझं कोणी विचारलं नव्हतं. पण पाणी मी आजही आधी देते, मग विचारते.

गॅसवाला

मी तो तोडणाऱ्यांपैकी. ठेकेदाराकडं गॅस कटर चालवतो. कोणी रागावू नका, मी पण तिथलाच पोरगा.

रात्री दोन तासांचा ब्लॉक मिळाला होता, म्हणजे तेवढा वेळ गाड्या बंद. तेवढ्यात मधला भाग क्रेनला बांधून कापायचा, खाली घ्यायचा, रूळ मोकळे करून द्यायचे. खांब कशाचे होते माहिती का? जुन्या रुळांचेच. दोन दोन रूळ जोडून उभे केलेले. कापताना रंगाचे पापुद्रे उडायला लागले, एकाखाली एक, चंदेरी, मग लाल, मग काळा. त्याच्याखाली रुळावर कारखान्याची इंग्रजी अक्षरं उठलेली. मी वाचायला थांबलो, मुकादम ओरडला, "म्युझियम बघायलास का बे?" अक्षरांच्या मधूनच ज्योत गेली.

दादा, आता तुमच्या पायऱ्या. जिने आम्ही दिवसा कापले. गावाकडचा खालून मोकळा करायला मुरूम उकरावा लागला. स्टेशनसमोरचा रस्ता भरून भरून वर आला होता, त्याच्यात दोन पायऱ्या पुरलेल्या. लोखंडाला गंज होता, पण मधोमध झिजलेलं साफ दिसत होतं. म्हणजे कधी काळी लोक त्यांच्यावरूनही चढत होते.

43 दोन्हीकडं.