मदत हवी आहे: लेगो ९२८ (गॅलेक्सी एक्सप्लोरर) साठी जुना राखाडी एकसारखा कसा करायचा?

१९७९ चा ९२८ हा लेगोचा अंतराळयानाचा संच सुटे भाग गोळा करून उभा करतोय. एकूण ३३८ भाग. निळे आणि पारदर्शक पिवळे भाग जमले, छापील भागही मिळाले. अडलंय ते राखाडी प्लेट्सवर (पातळ, चपटे भाग).

लेगोने २००४ च्या सुमारास राखाडीची छटा बदलली. त्यामुळे ब्रिकलिंकवर (सुटे लेगो भाग विकणाऱ्यांची वेबसाइट) 'लाइट ग्रे' ही जुनी छटाच शोधतोय, 'लाइट ब्लूइश ग्रे' ही नवी घेत नाही. शेजारी ठेवला की तो निळसर दिसतो. तरीही वेगवेगळ्या विक्रेत्यांकडच्या प्लेट्स एकमेकींशी जुळत नाहीत: काही कमी, काही जास्त पिवळ्या पडलेल्या.

मेडिकलमधलं ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून पाहिलं. पारदर्शक डबा, थेट ऊन, दर तासाला भाग उलटे करणं. पिवळेपणा बराच उतरला, पण प्लेट्स तरंगतात आणि पाण्याच्या रेषेवर पांढुरके पट्टे उठतात. आता वर काच ठेवून त्या बुडवून ठेवतोय. छापील भाग यात घातलेले नाहीत, घालणारही नाही. रंग फवारायचा नाही. २०२२ चा १०४९७ (याच यानाची नवी आवृत्ती) सुचवू नका, मूळ संचच हवाय. परदेशातून पार्सल मागवलं की कस्टम्स लागतं, म्हणून पुन्हा सुट्या प्लेट्स मागवत बसणं परवडत नाही.

दोन गोष्टी सांगा. पट्टे उठलेली प्लेट पुन्हा पूर्ण बुडवून ठेवली तर रंग सारखा होतो, की ती कायमची गेली? आणि उन्हाऐवजी यूव्ही दिवा कुणी वापरला असेल, तर किती वॅटचा, किती अंतरावर आणि किती तास?