फक्त व्हेंटिलेटरचा दाब नव्हे
एका पोस्टमध्ये म्हटलंय की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या फुप्फुसाला इजा होते ती व्हेंटिलेटरच्या दाबामुळेच. हे अर्धंच खरं आहे. पुण्यात आयसीयूत काम करते, म्हणून आवर्जून लिहिते.

एआरडीएसमध्ये (फुप्फुसांना तीव्र सूज येऊन श्वास अपुरा पडतो तो गंभीर आजार) फुप्फुसाचा बराच भाग पाणी भरून मिटलेला असतो, काही केशवाहिन्या गुठळ्यांनी बंद. हृदयाकडून येणारं रक्त मात्र तेवढंच, मिनिटाला साधारण ५ लिटर. ते उरलेल्या वाहिन्यांतून जोरात जातं, ताणलेल्या भिंती आणखी झिरपतात. सशांच्या फुप्फुसांवरच्या प्रयोगांत श्वासाचा दाब तोच ठेवून रक्तप्रवाह वाढवला, तर सूज आणि रक्तस्राव दोन्ही वाढले!

नातेवाईक काळजीने विचारतात, "डॉक्टर, सलाइन का कमी केलं?" कारण हेच: जास्त द्रव दिला तर वाहिन्या आणखी झिरपतात. २००६ च्या अमेरिकन चाचणीत द्रव हात राखून दिलेले रुग्ण व्हेंटिलेटरवरून लवकर सुटले. मृत्युदरात ठळक फरक नव्हता. शॉकमध्ये (रक्तदाब धोकादायक खाली गेलेल्या अवस्थेत) असलेल्याला मात्र आधी द्रव लागतोच.