पोलरायझेशन हाताळायचं तर होलोग्राम कोणता, जाड की पातळ?

काचवाला: ध्रुवीकरण म्हटलं की निवडणुका आठवतात, म्हणून प्रकाशाच्या कंपनाच्या दिशेला सरळ पोलरायझेशनच म्हणतो. माझं मत असं की जिलेटिनचा जाड होलोग्राम (किरणांनी नोंदवलेली, प्रकाश वळवणारी बारीक नक्षी) पोलरायझेशन बदलत नाही, नुसती निवड करतो. खरी करामत लिक्विड क्रिस्टलच्या पातळ थराची. तिथे रेकॉर्डिंगला एक डावा आणि एक उजवा वर्तुळाकार किरण (ज्याचं कंपन डावीकडे किंवा उजवीकडे गोल फिरतं असा) एकमेकांवर टाकतात. तीव्रता सगळीकडे सारखीच, कॅमेऱ्याला पट्टे दिसणारच नाहीत. जागोजागी फिरते ती कंपनाची दिशा, आणि रेणू तिच्याप्रमाणे वळून बसतात. जेमतेम दोन मायक्रॉनचा थर, पण डावा प्रकाश एकीकडे जातो, उजवा दुसरीकडे, आणि बाहेर पडताना डाव्याचा उजवा झालेला असतो!

जिलेटिनकर: 'नुसती निवड' काय? जाड होलोग्राम किती प्रकाश वळवतो याचं कोगेलनिक या शास्त्रज्ञाचं १९६९चं गणित उघडा. एस म्हणजे दोन किरणांच्या प्रतलाला काटकोनात होणारं कंपन, पी म्हणजे त्या प्रतलातलं. पी घटकावरची पकड दोन किरणांमधल्या कोनाच्या कोसाइनने घटते. माध्यमाच्या आत ६० अंश ठेवले की निम्मी. मग मॉड्युलेशन, म्हणजे नक्षीतल्या अपवर्तनांकाचा चढउतार, इतकं वाढवायचं की एस पूर्ण वळून परत मूळ वाटेला लागेल. तोवर पी पूर्ण वळलेला असतो. एस सरळ, पी तिरपा. एका फिल्ममध्ये बीमस्प्लिटर, म्हणजे किरण दुभागणारा, झाला, अजून काय हवं?

काचवाला: गणित मान्य. पण पावसाळ्यात जिलेटिनने ओल धरली की तुमचे ६० अंश कुठे राहतात?

जिलेटिनकर: वर काच चिकटवून कडा बंद करतो आम्ही. तुमचा थर हिरव्याला जुळवला की लाल-निळा थोडा न वळता सरळ गळतो, त्याचं बोला.

तिसरी_कडा: गळतो खरा, पण रेणू पिळत जाणारे थर एकावर एक दिले की बराच आवरतो. पटत नसेल तर वर्तुळाकार पोलरायझेशनचा थ्रीडी सिनेमाचा चष्मा घ्या, डोळ्याकडची बाजू दिव्याकडे करा आणि पुढे हे पातळ ग्रेटिंग, म्हणजे काचवाल्याचा थर, धरा. एका काचेतून ठिपका डावीकडे, दुसरीतून उजवीकडे. मी पहिल्यांदा चष्मा उलटाच धरला होता, दोन्ही ठिपके दिसत राहिले आणि तासभर ग्रेटिंगला शिव्या दिल्या. यामागचा फेज (लहरीच्या चढउतारातला टप्पा) भौतिकशास्त्रज्ञ पंचरत्नम यांनी १९५६ साली बंगळूरला मांडला, तेव्हा लेसरसुद्धा नव्हता.

जिलेटिनकर: पंचरत्नमना नमस्कार. पण साधा दिवा लावला तर निम्मा प्रकाश नको त्या बाजूला जातोच ना?

काचवाला: आणि तुमचा एस कुठे जातो?