मदत हवी आहे : पीएम २.५ सॅम्पलरचा प्रवाह मे महिन्यात कमी आणि नोव्हेंबरमध्ये जास्त कसा दिसतो?

नमस्कार. सोलापुरातील एका महाविद्यालयात हवेच्या गुणवत्तेच्या मोजणीचे काम मी पाहते. आमच्या गच्चीवर दोन यंत्रे शेजारी शेजारी उभी आहेत. एक पीएम १० साठीचे, म्हणजे हवेतल्या १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठीचे, मोठ्या प्रवाहाचे, आपण सगळे ज्याला आरडीएस (रेस्पिरेबल डस्ट सॅम्पलर) म्हणतो ते, ८ × १० इंची ग्लास फायबर फिल्टर लावायचे. दुसरे पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांसाठीचे, मिनिटाला १६.६७ लिटर हवा ओढणारे, ज्यात ४७ मिलिमीटर व्यासाचा टेफ्लॉनचा फिल्टर बसतो. आठवड्यातून दोनदा चोवीस तासांचे नमुने घ्यायचे, वर्षाला १०४ व्हायला हवेत, ही नेहमीची पद्धत आहे. सोलापूर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत असल्याने हे आकडे मागणारेही बरेच असतात, आणि म्हणूनच पुढील गोंधळ लवकर निस्तरणे मला भाग आहे.

वार्षिक सेवा करारानुसार मे महिन्यात तंत्रज्ञ आले होते. त्यांनी इम्पॅक्टरच्या (मोठे कण वेगळे काढणाऱ्या भागाच्या) वर, हवा आत येते तिथे, आपला इलेक्ट्रॉनिक प्रवाहमापक लावला तेव्हा सॅम्पलरच्या पडद्यावर १६.७ होते आणि त्यांच्या मापकावर १५ च्या आसपास. फरक दहा टक्क्यांहून अधिक असल्याने त्यांनी सॅम्पलरचा गुणक (सेन्सरचे वाचन ज्या आकड्याने गुणले जाते तो) बदलून दोन्ही आकडे जुळवले आणि प्रमाणपत्र दिले. त्याच फेरीत आरडीएसचे कार्बन ब्रश आणि फिल्टरखालचे रबरी गॅस्केटही बदलले गेले. आता नोव्हेंबरमध्ये तेच तंत्रज्ञ तोच मापक घेऊन आले, तर पडद्यावर १६.७ असताना मापकावर १७.४ दिसले. म्हणजे जो सॅम्पलर मे महिन्यात कमी हवा ओढत होता, तो आता जास्त ओढतो आहे असे म्हणावे लागते. ते गुणक पुन्हा बदलायला निघाले होते. मी त्यांना तूर्त थांबवले आहे.

दरम्यान आणखी एक गोष्ट खटकते. आमच्याकडे पीएम २.५ चे पीएम १० शी प्रमाण गेली काही वर्षे ठरावीक महिन्यांत ठरावीक पट्ट्यात राहत आले आहे. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत ते साधारण ०.४५ असते, कारण रस्त्यावरची आणि बांधकामांची जाड धूळ इथे भरपूर. यंदा तेच प्रमाण ०.५५ च्या घरात आहे. थंडी पडू लागली की कचरा जाळणे वाढते आणि सूक्ष्म कणांचा वाटा चढतो हे मी जाणते, परंतु तुलना त्याच महिन्यांची आहे आणि ही वाढ जूनपासून दिसते.

जे तपासून झाले आहे ते सांगते, म्हणजे आपला वेळ जाणार नाही. लीक टेस्ट उत्तीर्ण आहे. फिल्टर काढल्यावर करड्या वर्तुळाची कडा चाकूने कापल्यासारखी स्वच्छ दिसते, धूसर नाही. त्यामुळे फिल्टरच्या बाजूने हवा निसटते असे वाटत नाही. इम्पॅक्टरच्या विहिरीतील ३७ मिलिमीटरचा ग्लास फायबर फिल्टर आणि त्यावरचे सिलिकॉन तेल पाच नमुन्यांनंतर न चुकता बदलले जाते. टेफ्लॉन फिल्टर वजनापूर्वी आणि वजनानंतर चोवीस तास नियंत्रित खोलीत राहतात, स्थिर विद्युत घालवण्यासाठी आयोनायझर आहे, आणि फील्ड ब्लँकच्या (हवा न ओढता नुसत्या नेऊन आणलेल्या फिल्टरच्या) वजनातला फरक ३० मायक्रोग्रॅमच्या आतच राहतो. दिवसभरात २४ घनमीटर हवा जात असल्याने ३० मायक्रोग्रॅमची चूक झाली तरी निकालात सव्वा मायक्रोग्रॅमचाच फरक पडेल. एवढ्याने प्रमाण इतके हलणार नाही.

माझे प्रश्न असे : प्रवाहाचा सेन्सर सहा महिन्यांत असा उलटसुलट सरकू शकतो का? गुणक पुन्हा बदलू द्यावा का? आणि प्रमाण वाढण्यामागे हेच कारण आहे की दुसरे काही?

प्रतिसाद : धूळपाटी

आपण प्रमाणातला वरचा आकडा, पीएम २.५, तपासत आहात; खालचा, पीएम १०, नाही. प्रमाण वाढले याचा अर्थ पीएम २.५ जास्त येते आहे असा असेल, किंवा पीएम १० कमी येते आहे असाही असेल. आपल्या संपूर्ण लेखनात आरडीएसविषयी एवढेच आहे की त्याचे ब्रश आणि गॅस्केट मे महिन्यात बदलले. माझा संशय त्या गॅस्केटवर आहे.

ग्लास फायबरचा फिल्टर ठिसूळ असतो. नवे रबर, वर उन्हाळ्याची गच्ची, आणि चारही नट जोर लावून आवळलेले, अशा स्थितीत फिल्टरच्या कडेचे तंतू रबराला चिकटून बसतात आणि फिल्टर उचलताना तिथेच राहतात. फिल्टर काढल्यावर गॅस्केटवर आयताकृती पांढुरकी रेघ दिसते का ते पाहा; बोट फिरवल्यास कापसासारखे काही हाताला लागेल. हे तंतू आपण कोऱ्या फिल्टरच्या वजनात धरलेले असतात आणि अंतिम वजनात नसतात, त्यामुळे तेवढी धूळ हिशेबातून उणी होते. मिनिटाला १.१ घनमीटर प्रवाह धरला तर आठ तासांच्या एका फिल्टरमधून ५२८ घनमीटर हवा जाते. हवेत पीएम १० जर घनमीटरमागे ८० मायक्रोग्रॅम असेल तर फिल्टरवर ४२ मिलिग्रॅम धूळ जमते. त्यातून ४ मिलिग्रॅम तंतू गेले की निकाल साडेसात मायक्रोग्रॅमने खाली येतो.

खात्री करण्याची सोपी रीत आहे. वजन केलेला कोरा फिल्टर यंत्रावर बसवावा, नट नेहमीप्रमाणे आवळावेत, ब्लोअर सुरू न करता थोड्या वेळाने काढावा, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद पेटीत) ठेवून पुन्हा वजन करावे. वजन घटले तर दोष सापडला. नट हाताने, कर्णरेषेत समोरासमोरचे, एकेक करून आवळावेत; पान्हा लावू नये. सुटलेले तंतू मऊ ब्रशने गोळा करून फिल्टरसोबत पाकिटात ठेवून वजनात धरणे हाही मार्ग आहे, परंतु ते रोजचे काम करणाऱ्याच्या चिकाटीवर अवलंबून राहते.

जाता जाता आरडीएसचा प्रवाह दाखवणाऱ्या मॅनोमीटरच्या पाण्याची पातळीही पाहा. सोलापूरच्या उन्हात पाणी उडते, शून्य सरकते, आणि मग सुरुवातीचा आणि शेवटचा दोन्ही प्रवाह चुकीचे वाचले जातात. वेळेसाठी भिंतीवरच्या घड्याळावर विसंबू नका, यंत्राच्या तासमापकाचा आकडा घ्या. वीज किती वेळा गेली होती ते त्यातच कळते.

प्रतिसाद : वारेमाप

गॅस्केटचे म्हणणे पटते, पण मूळ प्रश्न प्रवाहाचा आहे. गुणक मुळीच बदलू देऊ नका. सेन्सर सरकलेला नाही असे मला वाटते. त्या प्रमाणपत्राच्या तळाशी बारीक अक्षरात २५ अंश सेल्सिअस आणि ७६० मिलिमीटर असे काही लिहिले आहे का, ते आधी पाहा.

लिटर दोन प्रकारचे असतात. एक प्रत्यक्ष लिटर, म्हणजे त्या क्षणी, त्या गच्चीवर, तिथल्या तापमानाला आणि दाबाला जेवढी जागा हवा व्यापते तो. दुसरा प्रमाणित लिटर, म्हणजे तीच हवा २५ अंशांवर आणि समुद्रसपाटीच्या दाबावर आणली असती तर जेवढी झाली असती तो. आपला सॅम्पलर तापमान आणि दाबाचे सेन्सर वापरून प्रत्यक्ष १६.६७ लिटर राखतो, आणि त्याने तेच राखायला हवे, कारण इम्पॅक्टरच्या छिद्रातून हवा किती वेगाने जाते त्यावर २.५ मायक्रॉनची सीमा ठरते आणि तो वेग प्रत्यक्ष घनफळावर अवलंबून असतो. वस्तुमान मोजणारे इलेक्ट्रॉनिक प्रवाहमापक मात्र वेगळी सूचना दिली नाही तर प्रमाणित लिटर दाखवतात.

आता आकडेमोड पाहा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे. तिथे उन्हाळ्यात हवेचा दाब सुमारे ७१५ मिलिमीटर पारा धरू आणि तापमान ४० अंश. ७६० भागिले ७१५, गुणिले ३१३ भागिले २९८, हे १.११ ते १.१२ येते. प्रत्यक्ष १६.६७ लिटर तिथे प्रमाणित १५ लिटरच दिसणार. म्हणजे मे महिन्यात यंत्र अगदी बरोबर होते आणि ते दुरुस्त करताना बिघडवले गेले. त्या दिवसापासून पडदा १६.७ म्हणतो आणि यंत्र प्रत्यक्षात १८.६ ओढते. नोव्हेंबरमध्ये २७ अंशांना आणि ७१७ मिलिमीटरला तोच भागाकार १.०६७ येतो, १८.६ ला १.०६७ ने भागले की १७.४ मिळतात. आपल्या मापकावर नेमके तेच दिसले. सहा महिन्यांच्या अंतराने घेतलेले दोन्ही आकडे एकाच गृहीतकातून निघतात, त्यामुळे वेगळे कारण शोधण्याची मला गरज वाटत नाही. आता पुन्हा त्याच मापकाशी जुळवले, तर चूक थोडी कमी होईल पण जाणार नाही, आणि पुढच्या मे महिन्यात हेच नाटक नव्याने सुरू होईल.

प्रत्यक्ष लिटर दाखवू शकणारा दुसरा मापक कुठून तरी मिळवा आणि १८.६ च्या जवळपास आकडा येतो का ते पाहा.

धागाकर्ती :

दोघांचेही मनापासून आभार. प्रमाणपत्राच्या तळाशी खरोखरच २५ अंश आणि ७६० मिलिमीटर असे छापलेले आहे. शेजारच्या एका संस्थेतून मापक आणला, त्यावर प्रत्यक्ष आणि प्रमाणित असे दोन्ही पर्याय आहेत. प्रत्यक्ष पर्यायावर १८.५ आले आणि पर्याय बदलताच आकडा १७.४ वर उतरला. सॅम्पलरला हातही लावलेला नव्हता.

गॅस्केटची चाचणीही केली. कोरा फिल्टर नुसता आवळून काढला तरी वजन ४ मिलिग्रॅमहून अधिक घटले, आणि रबरावरची पांढरी रेघ नुसत्या डोळ्यांनी दिसते आहे. पीएम २.५ प्रवाहामुळे सुमारे दहा टक्के जास्त आणि पीएम १० तंतूंमुळे जवळपास तेवढेच कमी, असे दोन्ही बाजूंनी धरले तर ०.५५ चे पुन्हा ०.४५ होते.

उरलेला प्रश्न जुन्या आकड्यांचा आहे. जूनपासूनचे अहवाल गेलेले आहेत, आणि त्यांत काही दिवस पीएम २.५ चोवीस तासांच्या ६० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेच्या किंचित वर नोंदले गेले आहे. हे निकाल सुधारता येतील का, की रद्द करावे लागतील?

प्रतिसाद : वारेमाप

पीएम २.५ चे निकाल सुधारता येतील असे माझे मत आहे, कारण चूक एकाच दिशेची आणि स्थिर आहे. हवा २४ घनमीटर धरली गेली, प्रत्यक्षात ती २६.८ च्या आसपास गेली. म्हणून प्रत्येक निकालाला १६.६७ भागिले १८.६, म्हणजे साधारण ०.९ ने गुणावे. ६४ नोंदलेला दिवस ५७ वर येतो, त्यामुळे मर्यादा ओलांडल्याचे काही दिवस यादीतून गळतील आणि कोणीतरी त्याबद्दल नक्की विचारेल. वाढलेल्या वेगामुळे कणांची सीमाही २.५ वरून २.३५ ते २.४ मायक्रॉनपर्यंत घसरली असणार, आणि ती मात्र गणिताने परत आणता येत नाही. सुदैवाने सूक्ष्म आणि जाड कणांच्या दोन गटांमधली ही जागा बरीचशी रिकामी असते, त्यामुळे वस्तुमानात पडणारा फरक लहान राहतो. मूळ नोंदी खोडू नका. सुधारित आकडा वेगळ्या रकान्यात द्या, शेजारी कारण आणि दोन्ही मापकांची वाचने जोडा, आणि ज्यांना अहवाल दिले त्यांना ते स्वतःहून कळवा.

पीएम १० बाबत मी एवढा धीट होणार नाही. तंतू दर वेळी सारखे सुटत नाहीत, त्यामुळे सरसकट ४ मिलिग्रॅम मिळवणे म्हणजे अंदाजाला मोजमापाचे रूप देणे होईल. ते निकाल तसेच ठेवून शंकास्पद अशी खूण करावी.

प्रतिसाद : धूळपाटी

पीएम १० बद्दल सहमत. फक्त एक जोड : जुने फिल्टर पाकिटांत जपून ठेवले असतील तर पाकिटाच्या तळाशी सांडलेले तंतू आणि फिल्टरची कडा एकदा पाहा. ज्यांची कडा शाबूत आहे ते निकाल खूण न करताही वापरता येतील.

आणि तंत्रज्ञ पुढच्या वेळी आले की आधी लीक टेस्ट, मग तापमान आणि दाबाचे सेन्सर, आणि सर्वांत शेवटी प्रवाह, याच क्रमाने काम करून घ्या. पहिले दोन सेन्सर चुकलेले असतील तर प्रत्यक्ष लिटरचा हिशेबच चुकतो. तापमानात २ अंश, दाबात १० मिलिमीटर आणि प्रवाहात ४ टक्के यांहून अधिक फरक दिसल्याखेरीज कोणताही गुणक हलवू देऊ नका. प्रमाणपत्रावर प्रवाहाच्या आकड्याशेजारी प्रत्यक्ष की प्रमाणित, आणि त्या वेळचे तापमान व दाब किती, हे हाताने लिहून घेतल्यावरच सही करा.