दिवाळीत सासर, माहेर आणि पंचवटीतल्या आत्या : दोन लहान मुलांना घेऊन कसं जमवायचं? (मदत हवी आहे)

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीतल्या गाठीभेटींबद्दल सल्ला हवा आहे. ज्यांची मुलं लहान आहेत किंवा होती, आणि ज्यांचं सासर-माहेर दोन टोकांना आहे, त्यांनी जरा सविस्तर लिहा ही विनंती.

आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतो. मुलगी पाच वर्षांची, मुलगा आठ महिन्यांचा. नवरा अंबडला एका कारखान्यात आहे. त्याला लक्ष्मीपूजन-पाडव्याची सुट्टी असते आणि पुढे रजा टाकून रविवारपर्यंत ओढता येते. सासर निफाड तालुक्यात, द्राक्षबाग आहे. सासू-सासरे, धाकटे दीर, जाऊ सगळे तिथेच. माहेर जळगावला, आई-बाबा आणि भाऊ. पंचवटीत काळाराम मंदिराजवळच्या गल्लीत नवऱ्याच्या आत्या राहतात, वय ऐंशीच्या पुढे, एकट्या. देवळाली कॅम्पला माझे मामा. यांतलं कुणीच परकं नाही, कुणाकडे जायचा कंटाळाही नाही. उलट मुलांना ही सगळी माणसं मिळावीत म्हणूनच ही धडपड.

खरा पेच भाऊबीजेचा. मोठ्या नणंदबाई पुण्याहून त्या दिवशी निफाडला येतात, तेव्हा नवरा तिथे हवाच. माझा भाऊ त्याच दिवशी जळगावला माझी वाट बघतो. लग्नानंतर आम्ही सकाळी निफाडला ओवाळणं उरकून, ताटावरून उठल्याउठल्या गाडीत बसायचो आणि दिवेलागणीनंतर कधीतरी जळगावला पोचायचो. दोघंच होतो तेव्हा ते निभावलं, एक मूल झाल्यावरही कसंबसं निभावलं. आता बाळाला घेऊन चांदवड, मालेगाव, धुळे, पारोळा असा अडीचशे किलोमीटरचा पल्ला भर दिवाळीच्या गर्दीत एका दमात मारायची माझी तयारी नाही.

दुसरं, मुलीबद्दल. पाहुण्यांकडे गेलं की ती पहिला अर्धा तास माझ्या मागे लपते. मग हळूहळू मोकळी होते, आणि ती रमली की नेमकी आमची निघायची वेळ होते. आत्यांकडे मात्र ती लगेच रमते. त्यांचा जुना वाडा आहे, लाकडी जिना, उंच पायऱ्या. आत्यांना आता खाली उतरवत नाही. त्या तिला खिडकीशी बसवतात आणि गोदेच्या पुराच्या गोष्टी सांगतात : पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं तेव्हा काय झालं, छातीला लागलं तेव्हा दुकानदारांनी सामान कसं हलवलं. मुलगी ऐकता ऐकता त्यांच्या बांगड्या मोजत असते. या पावसाळ्यात रामकुंडाकडून जाताना तिने रिक्षातूनच विचारलं, "आज मारुती कुठपर्यंत बुडलाय?" एवढं तिला दुसऱ्या कुठल्याच घरातून मिळालेलं नाही. आणि दिवाळीत आम्ही आत्यांकडे जातो ते कसे, तर मेन रोडची खरेदी आटपून, हातात पिशव्या, खाली गाडी लावायला जागा नाही म्हणून नवरा गाडीतच बसून. हे मला फार लागतं.

तिसरं बाळाचं. प्रत्येक घरी कुणीतरी प्रेमाने त्याच्या तोंडात काहीतरी घालतंच. गौरी-गणपतीला एका घरी चिवड्यातला शेंगदाणा त्याच्या ओठांपर्यंत गेला होता, मी हात धरला. "आमची पोरं असंच खाऊन मोठी झाली" हे ऐकावं लागलं. वाद घालायचा नाही, पण गप्पही बसायचं नाही. कसं बोलायचं?

सासूबाई समजूतदार आहेत, पण "या वर्षी भाऊबीजेला येणार नाही" हे वाक्य त्यांच्या कानावर घालायचं धाडस अजून झालेलं नाही. आईला "या वर्षी जळगावला येत नाही" म्हणणं त्याहून अवघड, कारण बाबांनी नातवाला जेमतेम एकदा पाहिलंय. तुम्ही हे कसं बसवलंत?

मोठी काकू, नाशिकरोड

अगं, भाऊबीजेची कथा आठव. यम यमुनेच्या घरी जेवायला गेला म्हणून ती यमद्वितीया. भावाने बहिणीच्या दारी यायचं, तिच्या हातचं जेवायचं आणि ओवाळणी घालायची, ही मूळ रीत. बहिणींनी माहेरी गोळा होणं ही सगळ्यांच्या सोयीने पडलेली पद्धत आहे. ती छानच आहे, पण ती मोडली तर शास्त्र मोडलं असं सासरचं किंवा माहेरचं कुणी म्हणू शकणार नाही.

म्हणून तुझ्या भावाला या वर्षी नाशिकला बोलाव. एकट्याला नको, आई-बाबांना घेऊनच ये म्हणावं. जळगाव ते नाशिकरोड रेल्वेने साधारण चार तासांचा प्रवास, ज्येष्ठांना गाडीपेक्षा तो बरा. आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होतं आणि दिवाळीचं पटकन भरतं, तेव्हा आजच बघ. एसटीने येणार असतील तर बायकांना अर्धं तिकीट आणि ७५ पूर्ण झालेल्यांना मोफत प्रवास आहेच.

आणि दिवाळी भाऊबीजेला संपत नाही. तुळशीची लग्नं द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत चालतात. आमच्या घरात ज्या भावाला जमलं नाही तो तोपर्यंत कधीही येऊन ओवाळून घेतो, आणि फराळाचा एक डबा त्याच्यासाठी मुद्दाम बाजूला असतो. मुलीच्या शाळेला सुट्टी असेल तर तुळशीच्या लग्नाला तूच जळगावला जा, चार दिवस नीट राहा. बाबांना नातू हवाय, त्यांना तारीख कुठली हे महत्त्वाचं नाही.

सांगायचं कुणी? आपापल्या आईला आपापल्या लेकराने. सासूबाईंशी नवऱ्याने बोलायचं, तू नाही. आणि "येणार नाही" पासून सुरुवात करायची नाही. "या वर्षी वसुबारसेलाच मुलांना तुमच्याकडे आणून सोडतो" असं पहिलं वाक्य असू दे.

द्राक्षवेल, पिंपळगाव बसवंत

काकूंचं पटलं, पण बागवाल्या घरातला म्हणून थोडं वेगळं सांगतो. निफाडला दिवाळीत काय चालू असतं ते ताईंना माहीत असणारच. गोडी छाटणी (फळं धरण्यासाठीची छाटणी) नुकतीच झालेली किंवा चालू असते, फुटवे निघालेले, फेलफूट (नको असलेले फुटवे) काढायला पेठ-सुरगाण्याकडचे मजूर आलेले. त्यात ऑक्टोबरात एखादा पाऊस झाला की डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने ब्लोअर (फवारणीचं यंत्र) पहाटेपासून बागेत. त्यामुळे तुमचे दीर आणि सासरे फराळाच्या ताटावर निवांत बसलेले दिसणार नाहीत. याचा अर्थ त्यांना तुमचं येणं नको आहे असा घेऊ नका.

मुलीला फवारणी झालेल्या ओळींत अजिबात सोडू नका. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही नाही. औषधाचे रिकामे डबे, मिसळायची टाकी, ब्लोअरची नळी यांपासून लांब. दिरांना आधीच फोन करून फवारणीचे दिवस विचारून ठेवा, तेही सांगतील. बाळाचे कपडे बागेकडच्या बाजूला वाळत घालू नका.

बाकी मुलांसाठी वसुबारस हाच आमच्याकडचा सगळ्यात चांगला दिवस. गाय-वासराची पूजा, घरात पाहुण्यांची गर्दी नाही, आजीला नातवंडांसाठी वेळ. लक्ष्मीपूजनाला घरच्या बाईची काय धांदल असते ते बघतोच आपण : मजुरांना फराळ द्यायचा, हिशेब, पूजेची मांडणी. माझ्या आईला विचाराल तर ती म्हणेल, सणाच्या दिवशी येऊन संध्याकाळी निघणाऱ्या सुनेपेक्षा आधी येऊन दोन दिवस राहणारी बरी. पहाटे थंडी असते हो निफाडला, बाळाला टोपी-स्वेटर ठेवा.

लेकुरवाळी

मी परिचारिका आहे, फक्त बाळापुरतं लिहिते.

पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खा शेंगदाणा, फुटाणा, काजू, डाळं देऊ नये. घशात नाही अडकलं तर श्वासनलिकेत जातं, आणि ते फार वाईट. तुम्ही हात धरलात ते योग्यच. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, चाटणातूनसुद्धा नाही. मीठ-साखरेचीही या वयात गरज नसते, त्यामुळे लाडवाचा कण राहिला म्हणून काही बिघडत नाही.

बोलायची युक्ती : हात रिकामा ठेवायचा नाही. घरात शिरलं की ज्या आजीला भरवायची हौस आहे तिच्याच हातात तुमची वाटी-चमचा द्यायचा. मऊ वरणभात, नाचणीची खीर, कुस्करलेलं केळं, जे तो घरी खातो तेच. "तुमच्या हातचं खातो का बघूया" म्हणायचं. भरवायला मिळालं की शेंगदाण्याची आठवण कुणालाच राहत नाही. शिवाय गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असते, म्हणजे तुमच्या बाळाची अजून व्हायची आहे. ताप-पुरळ असलेलं मूल ज्या घरात असेल तिथे या वेळी जाऊ नका, आणि मुके घेऊ नका हे नवऱ्याने मोठ्याने सांगावं. फटाक्यांच्या वेळी खिडक्या बंद असलेली आतली खोली मागून घ्या.

गाडीने जाणार असाल तर बाळ मांडीवर आणि तुम्ही पुढच्या सीटवर, असं नको. मागे बसा, शक्य असेल तर त्याची वेगळी सीट बसवून घ्या. दूध पाजायला गाडी थांबवायचीच. चांदवडला रेणुकामातेच्या मंदिरापाशी थांबता येतं.

गोदाकाठ

आत्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझं बालपण पंचवटीत गेलं. धनत्रयोदशीपासून लक्ष्मीपूजनापर्यंत रविवार कारंजा, दहीपूल, मेन रोड या भागातून गाडी न्यायचा विचारही करू नका. खरेदी आणि आत्या एका फेरीत बसवलं की आत्यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं, ते तुम्हालाही जाणवलंय.

त्यांच्यासाठी पाडव्याचा दिवस ठेवा. गाडी लांब कुठेतरी लावा किंवा सरळ सिटीलिंकच्या शहर बसने नाहीतर रिक्षाने जा, म्हणजे नवऱ्यालाही वर येता येईल. दुपारी जेवायलाच जा. स्वयंपाक तुम्ही डब्यातून न्या, त्यांना ओट्याशी उभं करू नका. पाडव्याला गवळी मंडळी रेडे सजवून मिरवत नेतात, शिंगं रंगवलेली, मोरपिसं लावलेली. पंचवटीतल्या कुणाही म्हाताऱ्या माणसाकडे त्याच्या आठवणी असतात. मुलीला खिडकीत बसवून आत्यांनाच विचारायला लावा.

एक मात्र काकूंपेक्षा वेगळं मत. सगळ्यांकडे जायचंच, फक्त तारखा फिरवायच्या, असं केलंत तर कार्तिक पौर्णिमेपर्यंत तुमची धावपळच होईल. देवळालीच्या मामांना सरळ फोन करा आणि "या वर्षी तुम्हीच या" म्हणा. तरुण कुटुंबानेच सगळ्यांकडे फिरलं पाहिजे असा नियम कुणी केला? हिंडती-फिरती मोठी माणसं बाळ असलेल्या घरी येऊ शकतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नवऱ्याने सासूबाईंना फोन केला, काकूंनी सांगितलं तसंच वसुबारसेपासून सुरुवात केली. त्या आधी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाऊबीजेला तो एकटा आला तरी चालेल, सकाळी येऊन जेवून जा म्हणावं. पण लेकरं आधी माझ्याकडे दोन रात्री राहिली पाहिजेत." दोन रात्री तर आम्हालाही हव्याच आहेत. दिरांनी फवारणीचं वेळापत्रक कळवतो म्हटलंय, आणि मुलीला गोठ्याकडे तेच घेऊन जाणार आहेत.

भाऊबीजेला भाऊ आणि आई-बाबा नाशिकला येतील. आईचा आवाज जरा उतरला होता. "माहेरपण माझ्या घरी नाही का होणार?" म्हणाली. तिला तुळशीच्या लग्नाचं सांगितलं, तेव्हा लगेच कुठल्या गाडीने येणार ते विचारायला लागली. लेकुरवाळी, वाटी-चमच्याची युक्ती फार आवडली, सासूबाईंसाठी वेगळा चमचाच घेतलाय.

गोदाकाठ, पाडव्याचं जेवण आत्यांकडे पक्कं. मामांना आज फोन करते. आता दोन गोष्टी विचारायच्या राहिल्यात. आत्यांना दात कमी आहेत, तर डब्यात पुरणपोळी न्यावी की मऊ काही? आणि जळगावच्या प्रवासात मुलीला अर्ध्या तिकिटावर बर्थ मिळत नाही, पूर्ण भाडं भरलं तरच मिळतो. दिवसाच्या गाडीत स्लीपरला आम्ही तिघी-चौघं दोन बर्थवर बसून गेलो तर बाळाला झोपवायला जागा पुरते का? ज्यांनी एवढ्यात असा प्रवास केलाय त्यांनी सांगा, आरक्षण आज-उद्याकडेच करायचंय.