पांढरा चहा घ्यायचाय: कोणता प्रकार घ्यावा, माल चांगला कसा ओळखावा?

वाघूरकाठ (जळगाव)
नमस्कार मंडळी. आमच्या नानांना (सासरे) दिवसातून पाच-सहा वेळा दुधाचा, चांगला गोड चहा लागतो. शुगर वाढल्यामुळे डॉक्टरांनी साखरेचा चहा दोन कपांवर आणायला सांगितलंय. ग्रीन टी आणला होता, तो त्यांना कडू लागला आणि डबा तसाच पडून आहे. एकीने पांढरा चहा सुचवला. ऑनलाइन बघायला गेले तर सिल्व्हर नीडल, व्हाइट पिओनी, दार्जिलिंग व्हाइट, निलगिरी व्हाइट अशी नावं, आणि भावांचा एकमेकांशी काही मेळच नाही. बजेट दीड हजारापर्यंत. सुरुवात कशाने करावी? "चीनच्या सम्राटाचा चहा" असं सगळ्या पाकिटांवर लिहिलंय, त्यात तथ्य आहे का? आणि याने शुगर उतरते का?

पानपारखी (धुळे)
ताई, सिल्व्हर नीडलच्या मागे लागू नका. नानांसाठी व्हाइट पिओनी घ्या, आणि मिळाला तर सोबत थोडा शौमेई. कारण सांगतो.

पांढऱ्या चहाची पानं भाजत नाहीत, वाफवत नाहीत, वळतही नाहीत. खुडलेला माल पातळ पसरून दीड ते तीन दिवस सुकू द्यायचा आणि मग मंद आचेवर कोरडा करायचा, कृती एवढीच. पण सगळं कसब त्या सुकवण्यात आहे. उन्हाळ्यात गच्चीवर बिबड्या घालणाऱ्या बाईला हे लगेच कळेल: ऊन फार चढलं की कडा तडकतात आणि मधे ओल राहते, आभाळ आलं की वास धरतो. पानांचंही तसंच. घाईने वाळवलेला माल हिरवट आणि कच्च्या चवीचा निघतो, दमट हवेत रेंगाळलेला काळा पडतो. ग्रीन टीचं पान सुरुवातीलाच कढईत किंवा वाफेवर तापवतात, त्याने पानाचं ऑक्सिडेशन, म्हणजे हवेशी संयोग होऊन पान काळपट होत जाणं, थांबतं. इथे ते कोणी थांबवत नाही, सुकता सुकता आपोआप थोडं होतं. नानांना ग्रीन टीमध्ये जो कडूपणा टोचला तो यात बराच कमी लागेल.

मूळ घर चीनच्या फुजियान प्रांतातलं, त्यातही फुडिंग आणि झेंगहे हे दोन भाग. तिथल्या 'दाबाई' जातीच्या झुडपांना जाडजूड, लव असलेली कळी येते. नुसती कळी खुडली की सिल्व्हर नीडल. उत्तम माल वसंतातला, छिंगमिंग सणाच्या म्हणजे साधारण ५ एप्रिलच्या आधीचा. पावसात खुडत नाहीत, किडकी किंवा जांभळट कळी घेत नाहीत, त्यामुळे भाव चढतो. कळीसोबत एक-दोन कोवळी पानं घेतली की पिओनी, तिकडे त्याला बाय मुदान म्हणतात. गोंगमेई स्थानिक, बियांपासून वाढलेल्या झुडपांचा. शौमेई मोठ्या, जून पानांचा. तो रंगाने गडद, चवीला गोडसर आणि भावाने सगळ्यांत हलका.

आता नानांचा विचार करा. आयुष्यभर दूध-साखर-आलं घातलेला चहा प्यायलेल्या माणसाला सिल्व्हर नीडल म्हणजे नुसतं कोमट पाणी वाटेल. तो चहा उत्तमच आहे, पण जीभ तयार झाल्यावरचा. पिओनीत पान असल्यामुळे चवीला अंग, म्हणजे भरीवपणा, असतो. शौमेई तर चक्क उकळतात. जुना शौमेई भांड्यात उकळून पिण्याची तिकडे पद्धतच आहे. ज्या घरात चहा म्हणजे गॅसवर उकळलेला चहा, त्या घरात हा लवकर रुळेल.

सम्राटाचं अर्धं खरं आहे. सोंग घराण्याचा हुइझोंग याने ११०७ च्या सुमारास चहावर ग्रंथ लिहिला, त्याचं नाव 'दागुआन चालुन'. त्यात पांढऱ्या चहाचं कौतुक आहे. पण तो म्हणजे डोंगरकड्यांवर आपसूक उगवणाऱ्या, मोजक्या घरांकडे असलेल्या दुर्मीळ झुडपांचा चहा, आणि तो वाफवून, दाबून त्याच्या वड्या करत. १३९१ मध्ये मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने अशा वड्यांचा नजराणा बंद केला आणि सुट्या पानांचा चहा पुढे आला. आज आपण पितो त्याची कुळी बरीच अलीकडची. फुडिंगच्या कळीच्या चहाचा आरंभ १७९६ च्या आसपासचा सांगतात, मोठ्या कळीची दाबाई झुडपं वापरात आली ती एकोणिसाव्या शतकात, आणि पिओनी तर १९२२ च्या सुमाराचा, शुइजी गावचा. त्यामुळे पाकिटावर "हजार वर्षं जुनी कृती" दिसली की ते पाकीट खाली ठेवा.

भुसावळकर
वरचं पटतंच, पण भो, आपल्या देशातला माल का सोडायचा? दार्जिलिंगचा पहिल्या बहराचा व्हाइट माझ्याकडे कायम असतो. फुजियानपेक्षा हलका, फुलांच्या वासाचा. निलगिरीचा थंडीतला खुडाही चांगला. चीनहून येईपर्यंत माल किती हातांतून गेला ते कळत नाही. इथे मळ्याचं नाव आणि खुड्याचा महिना पाकिटावर मिळू शकतो. दार्जिलिंग चहा हे भारतातलं पहिलं भौगोलिक मानांकन, २००४ सालचं. त्याचा लोगो बघून घ्या.

पानपारखी (धुळे)
भाऊ, ताज्या मालासाठी तुमचं म्हणणं मान्य. फक्त नानांना 'अंग' हवंय, आणि दार्जिलिंग व्हाइट बहुधा फार नाजूक असतो. ताईंनी दोन्हीची २५-२५ ग्रॅमची पाकिटं घेऊन बघावीत, भाव ग्रॅमवर काढून.

पाकीट आलं की पांढऱ्या ताटलीत चिमूटभर पसरा. पिओनीत कळ्या आणि पानं देठाला जोडलेली दिसायला हवीत. कळीवर चंदेरी लव, पानाची वरची बाजू राखाडी-हिरवी, खालची पांढुरकी. काडीकचरा आणि तळाला भुगा जास्त असेल तर तो चाळणीखालचा माल. देठ मोडून बघा, कडकन तुटला पाहिजे. वाकला तर ओल आहे आणि पुढे बुरशी येणार. वास सुक्या गवताचा, जरा मधासारखा. डबा उघडताच गुलाब किंवा लिंबाचा भपका आला तर वरून सुगंध लावलाय. घटकांच्या यादीत 'पांढरा चहा' एवढंच हवं.

"जितका जुना तितका भारी" हेही सरसकट धरू नका. "एक वर्ष चहा, तीन वर्षं औषध, सात वर्षं खजिना" अशी तिकडची म्हण आहे, आणि नीट ठेवलेला जुना पांढरा चहा खरंच खजूर-गुळाच्या अंगाने जातो. पण मुळात बरा नसलेला माल जुना होऊन चांगला होत नाही, आणि दहा वर्षांचा म्हणून विकलेल्या वडीचं वय तुम्ही-आम्ही तपासू शकत नाही.

शहाद्याची
पाण्याबद्दल कोणीच बोललं नाही. ताई, बोअरचं जड पाणी वापरू नका. कपावर तवंग येतो, रंग मळकट होतो आणि चव पार मरते. मी जारचं किंवा फिल्टरचं पाणी घेते. पिओनी दोनशे मिलीला तीन ग्रॅम. चमच्याने मोजू नका, पानं फुगीर असतात आणि चमच्यात जेमतेम ग्रॅमभर बसतात. छोटा वजनकाटा घ्या. पाणी उकळून गॅस बंद करायचा, झाकण काढून चार-पाच मिनिटं थांबायचं, मग पानांवर ओतून चार मिनिटं. तीच पानं अजून दोन वेळा चालतात.

आणि साठवण! ज्या डब्यात कधी काळा मसाला होता त्यात हा चहा चुकूनही घालू नका. डबा कितीही घासला तरी झाकणाच्या खाचेत वास राहतो आणि चहा तो ओढून घेतो. मूळ पाकीट घट्ट बंद करून नव्या डब्यात, ओट्यापासून लांबच्या कपाटात. मे महिन्यात गच्चीखालच्या खोलीत तर नकोच.

वाघूरकाठ (जळगाव)
किती नीट सांगितलंत सगळ्यांनी! पिओनी आणि शौमेई मागवते, दार्जिलिंगचं छोटं पाकीटही. शुगरचं राहिलं. शिवाय मी लोहाच्या गोळ्या घेतेय, मला चालेल का?

पानपारखी (धुळे)
ताई, शुगरचं औषध म्हणून याकडे बघू नका. नानांच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तशाच चालू राहतील. फायदा होईल तो कपातून साखर गेल्याचा. "पांढऱ्या चहात कॅफिन नसतं" असं सांगतात तेही चूक, कोवळ्या कळीत ते भरपूर असतं. नानांना संध्याकाळी सहानंतर देऊ नका, नाहीतर झोप जाईल.

लोहाची गोळी आणि चहा एकत्र नको. चहातल्या टॅनिनमुळे लोह नीट अंगी लागत नाही. मध्ये निदान तासभर तरी जाऊ द्या, दोन तास गेले तर उत्तम.

उन्हाळ्यात एक करा. काचेच्या बाटलीत लिटरभर फिल्टरचं पाणी, पाच-सहा ग्रॅम पिओनी, रात्री फ्रिजमध्ये ठेवायचं, सकाळी गाळायचं. कडूपणा जवळजवळ येत नाही. चार वाजता नानांना सरबताऐवजी हेच द्या, साखर न घालता.