प्रतिसाद: नुसते स्नायू नाहीत हो
वर कोणीतरी म्हटलंय की डच चित्रकार गोल्ट्झियसच्या १५८९ च्या कोरीव छापचित्रातला हर्क्युलिस (ग्रीक-रोमन पुराणातला महाबली वीर) म्हणजे नुसती स्नायूंची शोबाजी. अर्धं पटतं, डचमध्ये त्याला टोपणनावच 'क्नोलेनमान' पडलंय, म्हणजे अंगभर कंद उगवलेला माणूस, बटाट्याचं पोतंच म्हणा ना :) पण हातातलं शिंग झूम करून बघा, ते हर्क्युलिसशी झुंजताना बैल झालेल्या आखेलोस या नदीदेवाचं उपटलेलं, मागे बारीक आकृत्यांत तीच झुंज चाललीये, आणि पुढे कथेत तेच शिंग फळाफुलांनी भरून समृद्धीची खूण होतं, म्हणजे ताकद सत्कारणी लागली. मला मात्र रोमहून आल्यावर गोल्ट्झियसने केलेला पाठमोरा फार्नेसे हर्क्युलिस (त्या नावाच्या प्राचीन पुतळ्याचं मागून काढलेलं छापचित्र) जास्त आवडतो. खाली कोपऱ्यात दोन माणसं मान वर करून बघतायत, त्यांना फक्त पुढची बाजू दिसते, पाठीमागच्या हातातली, पराक्रम करून मिळवलेली सफरचंदं आपल्यालाच.